रन-ऑन वाक्य ओळखायचं कसं? प्रबंधाचं पहिलं प्रकरण परत आलंय

निंबोणी | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मृदशास्त्र. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींवर काम करतेय. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. पहिलं प्रकरण सरांकडे तपासायला दिलं होतं, ते आज परत मिळालं. समासात लाल शाईने 'आर.ओ.' अशी खूण, तेवीस ठिकाणी. विचारलं तर सर म्हणाले, "अगं, रन-ऑन. वाक्य संपलेलं असतं, तू पुढे चालूच ठेवतेस." त्यांना लगेच तोंडी परीक्षेला जायचं होतं, त्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं.

घरी येऊन मी लांब वाक्यं तोडायला बसले. पण एक कोडं सुटत नाहीये. सरांनी खूण केलेली निम्मी वाक्यं लांब नाहीतच! आणि दोन-तीन ओळींची काही वाक्यं त्यांनी तशीच सोडली आहेत. खूण केलेली चार खाली देतेय. (मोबाइलवर कीबोर्ड बदलत बसायला नको म्हणून इंग्रजीही देवनागरीतच लिहितेय.)

अ) "द सॅम्पल्स वेअर ड्राइड इन शेड, दे वेअर ग्राउंड इन अ वुडन मॉर्टर, देन दे वेअर पास्ड थ्रू अ टू-मिलिमीटर सिव्ह."

आ) "द पीएच वॉज हाय, देअरफोर जिप्सम वॉज अप्लाइड."

इ) "जिप्सम वॉज अप्लाइड, हाउएव्हर द यील्ड डिड नॉट इन्क्रीझ."

ई) "द वॉटर टेबल रोज धिस डॅमेज्ड द रूट्स."

आणि हे मात्र चालून गेलं: "बिकॉज द फार्मर्स हॅड बीन इरिगेटिंग द फील्ड्स विथ कॅनॉल वॉटर फॉर मेनी इयर्स विदाउट एनी ड्रेनेज, द वॉटर टेबल हॅड रिझन, अँड द सॉल्ट्स हॅड कम अप टू द सरफेस."

हे कसं काय? मला यादी पाठ करायची नाहीये. माझं वाक्य माझं मला ओळखता यायला हवं.

---

गावकुसाबाहेर | मंगळवार, रात्री ९:५८

मोठ्याने वाचून बघ. जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे स्वल्पविराम, जिथे थांबावंसं वाटतं तिथे पूर्णविराम. आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री १०:३१

गावकुसाबाहेर, राग मानू नका, पण याच सल्ल्याने आपल्या मुलांचं इंग्रजी लेखन बिघडतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि हे दर वर्षी पाहिलं. मराठी माणूस 'द सॅम्पल्स वेअर ड्राइड' म्हणून आवाज वरच ठेवतो, कारण त्याच्या मनातली गोष्ट अजून संपलेली नसते. कानाला तिथे पूर्णविराम लागत नाही, म्हणून हाताने स्वल्पविराम पडतो. इथे कानावर विसंबून चालत नाही.

निंबोणी, तुला जे कोडं वाटतंय तेच खरं उत्तर आहे. रन-ऑनचा लांबीशी काडीचा संबंध नाही. तुझं चालून गेलेलं वाक्य मी मोजलं, ३१ शब्दांचं आहे आणि निर्दोष आहे. उलट 'इट रेन्ड वी स्टॉप्ड' हे चार शब्दांचं वाक्य रन-ऑन आहे.

रन-ऑन म्हणजे काय? स्वतःच्या पायावर उभी राहू शकतील अशी दोन वाक्यं एकमेकांना लावली, पण मधे लागतो तो सांधा घातलाच नाही. मधे काहीच नसेल, जसं तुझ्या 'ई'मध्ये, तर त्याला फ्यूज्ड सेंटेन्स म्हणतात. मधे नुसता स्वल्पविराम असेल, जसं 'अ', 'आ' आणि 'इ'मध्ये, तर कॉमा स्प्लाइस. तुझे सर दोन्हींना आर.ओ. म्हणतायत, बरेच शिक्षक तसंच म्हणतात.

ओळखायची रीत सांगतो. स्वल्पविरामाच्या डावीकडचा तुकडा घे आणि त्याचा 'हो की नाही' असं उत्तर येणारा प्रश्न करून बघ. मग उजवीकडच्या तुकड्याचा कर.

'वेअर द सॅम्पल्स ड्राइड इन शेड?' झाला प्रश्न.
'वेअर दे ग्राउंड इन अ वुडन मॉर्टर?' हाही झाला.

दोन्हींचा प्रश्न होतो, म्हणजे दोन्ही पूर्ण वाक्यं. आता मधे काय आहे ते बघ. नुसता स्वल्पविराम? मग रन-ऑन.

हेच त्या ३१ शब्दांच्या वाक्याला लाव. 'बिकॉज हॅड द फार्मर्स बीन इरिगेटिंग?' असा प्रश्नच होत नाही. बिकॉजने तो तुकडा पुढच्या वाक्याच्या आधाराने उभा केलाय, शाळेच्या भाषेत गौण वाक्य. म्हणून तिथे स्वल्पविराम पुरतो. पुढे 'द वॉटर टेबल हॅड रिझन' आणि 'द सॉल्ट्स हॅड कम अप' ही दोन्ही स्वतंत्र आहेत, पण मधे स्वल्पविरामासोबत 'अँड' आहे. सांधा भक्कम आहे, म्हणून सरांनी हात लावला नाही.

सांधे मोजकेच. एक, पूर्णविराम. दोन, अर्धविराम. तीन, स्वल्पविराम आणि त्याच्या जोडीला फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एक. चार, एका वाक्याला बिकॉज, ऑलदो, व्हेन, व्हाइल, सिन्स असा शब्द लावून त्याला गौण करणं. दुसरं वाक्य पहिल्याचा उलगडा करत असेल तर अपूर्णविरामही चालतो. नुसता स्वल्पविराम हा सांधा नव्हे.

---

दुभाषी | मंगळवार, रात्री ११:१५

सरांचं उत्तर नेमकं आहे. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे हे मराठीच्या बाजूने सांगते. आपल्याकडून ही चूक का होते ते कळलं की ती दिसायला लागते, असा माझा अनुभव आहे.

निंबोणी, तुझं 'अ' वाक्य मराठीत कसं सांगशील? 'नमुने सावलीत वाळवून, लाकडी खलात कुटून, चाळून पिशव्यांत भरले.' आता यातलं क्रियापद शोध. 'भरले', बस्स. वाळवून, कुटून, चाळून ही सगळी ऊन-प्रत्ययाची रूपं. ती वाक्य संपवत नाहीत, पुढच्या क्रियेच्या हातात हात देतात. मराठीत अशा पाच क्रिया ओळीने मांडल्या तरी वाक्य एकच राहतं आणि मधल्या स्वल्पविरामांना कुणी हरकत घेत नाही.

तेच डोक्यात ठेवून इंग्रजीत लिहायला बसलं की प्रत्येक 'ऊन'चं एक 'वेअर' होतं, आणि प्रत्येक 'वेअर'ला कर्ता हवा म्हणून एक 'दे' येऊन बसतो. स्वल्पविराम तेवढे मराठीतले राहतात. एका वाक्याची तीन वाक्यं झाली आणि आपल्याला पत्ताच लागला नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात जास्त नजर ठेवायची ती त्या 'दे'वर. स्वल्पविरामानंतर लगेच दे, इट, ही, शी, वी, धिस यांपैकी काही आलं आणि त्याच्यामागे क्रियापद आलं, तर पेन थांबवायचं. दहातल्या सात-आठ वेळा तिथे रन-ऑन सापडतं, निदान माझ्या पानांवर तरी.

उपाय तोडणं हाच असतो असंही नाही. 'दे' काढून टाक: 'द सॅम्पल्स वेअर ड्राइड इन शेड, ग्राउंड इन अ वुडन मॉर्टर अँड पास्ड थ्रू अ टू-मिलिमीटर सिव्ह.' कर्ता एक, सहायक क्रियापद एक, क्रिया तीन. हे आपल्या ऊन-वाक्याच्या खूप जवळ जातं. तसंच 'ई'मध्ये 'धिस'च्या जागी स्वल्पविराम देऊन 'विच' घाल: 'द वॉटर टेबल रोज, विच डॅमेज्ड द रूट्स.'

---

निंबोणी | बुधवार, सकाळी ७:०५

दुभाषीताई, काल रात्री हे वाचून वही काढली आणि तेवीसच्या तेवीस वाक्यं बघितली. चौदा ठिकाणी स्वल्पविरामानंतर दे, इट किंवा धिस आहे! थक्क झाले.

पण 'आ' आणि 'इ' अजून डोक्यात शिरत नाहीयेत. 'देअरफोर' आहे, 'हाउएव्हर' आहे. हीच तर जोडणारी ना? म्हणून, पण. सातांच्या यादीत 'सो' आणि 'बट' आहेत, मग यांनी काय घोडं मारलंय?

---

फेरफार | बुधवार, सकाळी ९:२०

हा प्रश्न माझाही होता. मी वकिलांकडे मसुदे टाइप करतो, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मराठी मसुद्यात 'सबब' आला की मागचं आणि पुढचं वाक्य आपोआप जोडलं जातं. शाळेच्या व्याकरणात परिणामबोधक उभयान्वयी अव्ययं पाठ केली होती, म्हणून, सबब, यास्तव, याकरिता, तस्मात्, तेव्हा. ही सगळी जोडणारीच. त्यामुळे 'देअरफोर'ही तसाच असणार असं धरून मी अनेक वर्षं टाइप केलं. एका वकीलसाहेबांनी दाखवलं तेव्हा कळलं की इंग्रजीत देअरफोर, हाउएव्हर, मोरओव्हर, देन, ऑल्सो, काँसिक्वेंटली ही उभयान्वयी नाहीतच, ती क्रियाविशेषणं आहेत. अर्थ जोडतात, वाक्य जोडत नाहीत.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ११:४४

फेरफार यांनी मुळालाच हात घातला. मराठी व्याकरणाचं कोष्टक जसंच्या तसं इंग्रजीवर बसवलं की ही गफलत होते.

जोडणारा शब्द आणि क्रियाविशेषण यांतला फरक कसा कळेल? शब्द हलवून बघायचा. 'द यील्ड, हाउएव्हर, डिड नॉट इन्क्रीझ' असं म्हणता येतं. 'द यील्ड, बट, डिड नॉट इन्क्रीझ' असं येत नाही. जो शब्द वाक्याच्या पोटात सरकू शकतो तो सांधा नाही. सांधा जिथल्या तिथेच राहतो.

---

दुभाषी | बुधवार, दुपारी १२:१०

सरांची ही कसोटी मराठीतही चालते, आणि तिथेच आपल्याला आधार मिळतो. 'हाउएव्हर'ला मनात 'पण' म्हणू नका, 'मात्र' म्हणा. 'उत्पादन मात्र वाढलं नाही.' बघा, 'मात्र' पोटात बसला. 'उत्पादन परंतु वाढलं नाही' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे बट म्हणजे परंतु आणि हाउएव्हर म्हणजे मात्र. 'देअरफोर'ला 'त्यामुळे' म्हणा, तोही सरकतो: 'जमीन त्यामुळे खराब झाली.'

'पण' या शब्दावर भिस्त ठेवू नये, कारण तो दोन कामं करतो. 'पण उत्पादन वाढलं' आणि 'उत्पादन पण वाढलं' यांचे अर्थ वेगळे होतात.

---

मोडीवाचक | बुधवार, दुपारी ३:३०

थोडं आडवळण घेतो, पण विषयाला धरून आहे. आपल्या जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नाहीत, शब्दही सुटे लिहीत नसत. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळतं, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'केले', 'दिल्हे', 'असे' आलं की वाक्य मिटलं. चिन्हाचं काम क्रियापदच करतं. इंग्रजीत क्रियापद मधे असतं आणि त्याच्यामागे कितीही शब्द येऊ शकतात, त्यामुळे शेवट चिन्हानेच दाखवावा लागतो.

मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या शब्दकोशाच्या कामात होते तेच. म्हणजे आपल्याकडे ही चिन्हं जेमतेम पावणेदोनशे वर्षांची. भाषेचा सांगाडा त्यांच्याआधीच तयार होता, म्हणून मराठीत एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी वाक्य कोसळत नाही.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, संध्याकाळी ५:०२

मोडीवाचक, क्रियापदाचा मुद्दा फार आवडला. त्याला जोडून अर्धविरामाचं सांगतो, कारण तिथे आपली मुलं हमखास उलटी जातात. मराठीच्या पुस्तकात नियम असतो की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडताना अर्धविराम द्यावा. 'ढग जमले होते; पण सर आली नाही.' इंग्रजीत 'बट'च्या आधी साधारणपणे स्वल्पविराम देतात, आणि अर्धविराम येतो तो जोडणारा शब्द नसतो तिथे. म्हणून निंबोणी, तुझं 'इ' असं होईल: 'जिप्सम वॉज अप्लाइड' नंतर अर्धविराम, मग 'हाउएव्हर', त्याच्यानंतर स्वल्पविराम, मग 'द यील्ड डिड नॉट इन्क्रीझ'. अर्धविराम दोन वाक्यांना धरतो, हाउएव्हर फक्त सूर बदलतो.

---

दर्यावर्दी | बुधवार, संध्याकाळी ६:४५

बहिणीची आयईएल्टीएस पुढच्या महिन्यात आहे. तिथे याचे मार्क जातात का?

---

हडसनकाठ | बुधवार, रात्री ८:१५

जातात. लेखनाच्या गुणांत चार निकष सारख्या वजनाचे असतात आणि त्यांतला एक व्याकरणाचा आहे. विरामचिन्हं त्यातच येतात. किती वाक्यं बिनचूक आहेत हे परीक्षक बघतो, आणि रन-ऑन झालं की ते वाक्य बिनचुकांतून गेलं. दुसरा प्रश्न ४० मिनिटांत निदान २५० शब्दांचा, त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. बहिणीला सांगा, शेवटची चार मिनिटं फक्त स्वल्पविराम तपासायला ठेवायची.

इकडे अमेरिकेत माझ्या मुलीच्या एसएटीच्या तयारीत या विषयाचा स्वतंत्र प्रश्नप्रकारच आहे, बाउंड्रीज नावाचा. वाक्यात एक जागा रिकामी असते आणि चारही पर्यायांत शब्द जवळपास तेच, बदलतं फक्त चिन्ह. तिला मी हाच धागा वाचून दाखवला. जन्मापासून इंग्रजी बोलणारी पोर, पण तीही हाउएव्हरपाशी अडते. तेव्हा हा फक्त आपल्या मराठी माध्यमवाल्यांचा प्रश्न आहे असं कुणी मनाला लावून घेऊ नका.

---

गावकुसाबाहेर | बुधवार, रात्री ८:५०

पाटीपेन्सिल सर, राग अजिबात नाही, बरंच शिकायला मिळालं. पण एक शंका. 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' हे सीझरचं वाक्य आपण सगळे अभिमानाने म्हणतो. त्यात तीन पूर्ण वाक्यं आणि मधे नुसते स्वल्पविराम. मग तेही चूक?

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:२६

चूक नाही. तुकडे आखूड असतील, एकाच साच्याचे असतील आणि सलग पावलांसारखे पडत असतील, तर स्वल्पविराम चालतो. गोष्टी लिहिणारे तर ही मोकळीक मुद्दाम घेतात. 'इट इज हॉट, इझन्ट इट?' हेही चालतं, कारण मागची शेपटी हे वेगळं वाक्य नाही. आणि 'द मोर यू इरिगेट, द वर्स इट गेट्स' हेही, कारण ती जोडी आपल्या 'जितकं-तितकं'सारखी एकमेकांत अडकलेली आहे.

पण प्रबंधात ही मोकळीक घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शास्त्रीय लेखनात कशामुळे काय झालं हे वाचणाऱ्याला नेमकं कळायला हवं. 'द पीएच वॉज हाय, जिप्सम वॉज अप्लाइड' असं लिहिलं तर जिप्सम पीएच जास्त होता म्हणून टाकलं, की पीएच जास्त असतानाच्या काळात टाकलं, की टाकूनही पीएच जास्तच राहिला? तिन्ही वाचता येतं. सांधा घातला की लिहिणाऱ्यालाही ठरवावं लागतं आपल्याला काय म्हणायचंय ते. सरांनी तेवीस खुणा केल्या त्या त्यासाठी.

---

निंबोणी | गुरुवार, रात्री १०:१२

आज दिवसभर बसून सगळी वाक्यं दुरुस्त केली. आधी घाईत सगळीकडे पूर्णविराम टाकले होते. वाचलं तर पहिलीच्या पुस्तकासारखं वाटायला लागलं. सॅम्पल्स वेअर ड्राइड. दे वेअर ग्राउंड. दे वेअर पास्ड. मग परत सुरुवात केली आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारलं, या दोन वाक्यांचं नातं काय? कारण असेल तर बिकॉज किंवा सिन्स. विरोध असेल तर बट किंवा ऑलदो. एकाच कर्त्याच्या क्रिया असतील तर 'दे' उडवला. नातं नसेलच तर पूर्णविराम.

एक गोष्ट लक्षात आली, ती इथे लिहून ठेवते. सहा ठिकाणी मला नातं सांगताच आलं नाही. परत माझ्या निरीक्षणांच्या तक्त्यात जावं लागलं. त्यातल्या दोन ठिकाणी मी कारण म्हणून जे लिहिलं होतं ते कारण नव्हतंच, नुसतं एकाच हंगामात घडलेलं होतं. तो मजकूर काढून टाकला.

संगणकाच्या तपासणीने यातली किती दाखवली होती तेही पाहिलं. नऊ.

सर, एकच वाक्य शेवटचं बघाल का? याच्यावर मी अर्धा तास घालवलाय:

"ऑलदो जिप्सम वॉज अप्लाइड टू ऑल प्लॉट्स, द यील्ड इन्क्रीझ्ड ओन्ली व्हेअर ड्रेन्स हॅड बीन लेड; इन द अदर प्लॉट्स, देअरफोर द सॉल्ट्स हॅड नोव्हेअर टू गो."

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री १०:४०

अर्धविराम योग्य जागी आहे, दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे, 'ऑलदो'चा तुकडा बरोबर टेकलाय. रन-ऑन नाही. फक्त 'देअरफोर' काढ. उत्पादन वाढलं नाही म्हणून क्षार अडकले, असा उलटा अर्थ लागतोय. क्षारांना वाट नव्हती म्हणून उत्पादन वाढलं नाही, हेच म्हणायचंय ना?

---

निंबोणी | गुरुवार, रात्री १०:४७

हो सर, हेच. काढला. उद्या सकाळी प्रकरण परत देतेय.